8 कंपन्यांनी नकार दिला, हैदराबादने हो म्हणलं. अशा घडल्या भारताच्या पहिल्या महिला कमर्शियल पायलट

आज परभणीच्या एखाद्या पोराला पायलट व्हायचं असलं की घरात परदेशी ट्रेनिंगची चर्चा सुरू होते. पण 1948 पर्यंत परभणीच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. चलन वेगळं, कस्टम्स वेगळं. मुंबईला जायचं तरी हद्द ओलांडावी लागायची.

या संस्थानाची स्वतःची विमान कंपनीही होती, डेक्कन एअरवेज. 1945 साली निजाम सरकार आणि टाटांनी मिळून ती सुरू केली. ताफ्यात डकोटा विमानं होती आणि मुख्य तळ होता हैदराबादचं बेगमपेठ विमानतळ.

याच कंपनीचं दार एका बाईने ठोठावलं. नाव प्रेम माथूर.

अलाहाबादच्या फ्लाईंग क्लबमध्ये त्या विमान चालवायला शिकल्या. 1947 साली त्यांना कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळालं. कागदावर सगळं पक्कं होतं, पण नोकरी कुणी देईना. बाई विमान चालवतीये म्हणल्यावर प्रवासी घाबरतील, असं कंपन्यांना वाटायचं. एक-दोन नाही, तर तब्बल 8 कंपन्यांनी नकार कळवला.

शेवटी डेक्कन एअरवेजने होकार दिला आणि माथूर को-पायलट झाल्या. 1949 साली त्यांनी नॅशनल एअर रेस जिंकली, तीही पुरुष पायलटांना मागे टाकून. लाल बहादूर शास्त्री, इंदिरा गांधी यांच्यासारखे प्रवासी त्यांच्या विमानात बसले.

पण खरी अडचण पुढे होती. विमानात शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. ठराविक तास उड्डाण केलं की को-पायलटला कॅप्टन व्हायची संधी मिळते. माथूर यांचे तास भरले, तरी कंपनीने कमांड काही दिली नाही. ज्या कंपनीने दार उघडलं, तिनेच त्यांना कॅप्टनच्या खुर्चीपासून लांब ठेवलं.

मग त्यांनी हैदराबाद सोडलं आणि दिल्ली गाठली. तिथे त्या उद्योगपती घनश्यामदास बिर्लांच्या खाजगी पायलट झाल्या.

पुढे 1953 साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाईन्समध्ये विलीन झाली. 1956 मध्ये परभणी मुंबई राज्यात आली. 1992 साली प्रेम माथूर यांचं निधन झालं.

आज भारतातल्या पायलटांमध्ये सुमारे 15 टक्के महिला आहेत. जगाच्या सरासरीपेक्षा हा आकडा कितीतरी जास्त आहे आणि त्याची सुरुवात 8 नकारांनंतरच्या एका होकारापासून झाली होती.