डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व त्यांचा भाषाभ्यास

आमच्या वाचकांपैकी जे देगलूर, बिलोली, उदगीर किंवा निलंगा या बाजूंस राहतात, त्यांस अनेक भाषा ऐकण्याची सवय लहानपणापासूनच असते. घरी मराठी, बाजारात तेलुगू व कानडी, कचेरीच्या जुन्या कागदांत उर्दू, आणि नांदेडास गेले की गुरुद्वाऱ्यापाशी पंजाबी यात्रेकरूंचे बोलणे. इतक्या भाषा कानावर पडूनही, त्यांतील कोणती कोणाची बहीण व कोणती परक्या घरची, हा विचार आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येतो. पण हा विचार म्हणजे एक मोठे शास्त्र आहे. आपल्या लोकांपैकी ज्यांनी ते प्रथम नीट शिकून विद्यापीठाच्या व्यासपीठावरून मांडले, त्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी कोकणात मालवण येथे झाला. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, मिळकत बेताची. मालवणास इंग्रजी शिकण्याची सोय नव्हती. पुढे १८४७ साली वडिलांची बदली रत्नागिरीस झाली व तेथील सरकारी इंग्रजी शाळेत मुलाचा प्रवेश झाला. ही बदली झाली नसती तर हा मुलगाही बहुधा एखाद्या कचेरीत दौत-लेखणी घेऊन बसला असता. १८५३ साली, सोळाव्या वर्षी, तो मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात आला. तेथे दादाभाई नवरोजी हे गणित शिकवीत असत, आणि रामकृष्णाची गोडी त्या वेळी गणिताकडेच होती. संस्कृताचा त्यास तेव्हा म्हणण्यासारखा गंधही नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण मोठे पंडित जन्मतःच पंडित असतात अशी समजूत आपल्याकडे फार आहे.

याच काळात तो परमहंस सभेत जाऊ लागला. ही मंडळी जातिभेद मानीत नसत व गुप्तपणे एकत्र जमून एकमेकांच्या हातचे खात. तसे करणे त्या दिवसांत लहानसहान धाडसाचे नव्हते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस श्रावणमासात जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या पैशातून इंग्रज सरकारने पुढे काही विद्यार्थिवृत्त्या काढल्या होत्या. त्यांपैकी एक भांडारकरांस मिळाली. त्या वेळचे शिक्षणखात्याचे मुख्य अधिकारी हॉवर्डसाहेब यांनी या तरुणांस संस्कृत शिकण्याची सूचना केली. वीस वर्षे उलटून गेलेल्या, इंग्रजी व गणितात मुरलेल्या माणसाने शब्दांची रूपे घोकावयास बसावे, हे पुष्कळांस जमले नसते. भांडारकरांनी ते केले. पुण्यास डेक्कन कॉलेजात ते जुन्या शास्त्र्यांपुढे बसले आणि त्यांच्या पद्धतीनेच व्याकरण, न्याय व वेदान्त शिकले. १८६२ साली विद्यापीठाची पहिली बी. ए. ची परीक्षा झाली. तीत उतरलेल्या मोजक्या मंडळींत महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे व भांडारकर हे होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले.

पाणिनीची सूत्रे त्यांनी शास्त्र्यांकडून घेतली, आणि शब्दाशब्दांची तुलना करून त्यांचा इतिहास काढण्याची रीत जर्मन व इंग्रज पंडितांच्या ग्रंथांतून घेतली. त्या काळी बहुतेकांजवळ यांपैकी एकच विद्या असे, आणि ज्याच्याजवळ जी असे तो दुसरीस हसे. आमच्या मते भांडारकरांच्या पुढील सर्व कामाचे मूळ त्यांनी दोन्ही विद्यांस मान दिला, यातच आहे.

१८६४ साली ते हैदराबादेस मुख्याध्यापक म्हणून गेले. मराठवाड्यातील वाचकांनी येथे निजामाचे हैदराबाद समजू नये. हे सिंधमधील होय. दुसऱ्या वर्षी ते रत्नागिरीच्या शाळेत आले, म्हणजे ज्या शाळेत शिकले तिचेच मुख्य झाले. १८६४ ते १८६८ या अवधीत त्यांनी संस्कृताची दोन पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत एकेक नियम सांगून लगेच त्यावर वाक्ये दिलेली आहेत, म्हणजे विद्यार्थ्यास पहिल्या आठवड्यातच काहीतरी वाचता येते. आपण मोठेपणी शिकलो तेव्हा जो त्रास झाला तो या शिक्षकाच्या ध्यानात राहिला होता असे ही पुस्तके पाहून वाटते. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यांवरच संस्कृत शिकली.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृताच्या अध्यापकाचे काम त्यांजकडे आले. १८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थाने त्यांच्याकडे एक जुना ताम्रपट वाचावयास दिला. ती लिपी भांडारकरांस येत नव्हती. त्यांनी पुस्तकालयात जाऊन प्राचीन लिपींवरील लेख काढले, अक्षर अक्षर जुळविले व तो ताम्रपट लावला. शिलालेख व ताम्रपट यांचा त्यांचा अभ्यास येथून सुरू झाला, आणि त्यातूनच १८८४ साली दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. कंधारच्या तलावाकाठी ज्या राष्ट्रकूट राजांच्या खुणा आमचे वाचक पाहतात, त्यांचा इतिहासही त्या पुस्तकात आहे. हे राजे आपणांस लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि लत्तलूर म्हणजे आजचे लातूर असे पंडितांचे मत आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजात मात्र त्यांच्या वाट्यास एक कडू अनुभव आला. काही वर्षे त्यांनी ती जागा उत्तम रीतीने चालविली होती. तरी १८७३ साली कायमचे अध्यापक म्हणून विलायतेहून पीटर पीटरसन यांस आणण्यात आले. भांडारकरांनी त्यांच्या हाताखाली राहावे असे ठरले. विद्येने व अनुभवाने कोण मोठा, हे मुंबईत सर्वांस ठाऊक होते. हा अन्याय होता असे आम्ही स्पष्ट म्हणतो. भांडारकरांनी काम सोडले नाही, अभ्यासही सोडला नाही. १८७६ साली त्यांनी भवभूतीचे मालतीमाधव टीकेसह संपादून छापले. आणि डेक्कन कॉलेजची जागा १८८२ साली मिळेपर्यंत त्यांस वाट पाहावी लागली.

या मधल्या वर्षांतच त्यांनी ती व्याख्याने दिली, ज्यांमुळे आम्ही हे चरित्र लिहीत आहो. त्यांची हकीकत आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे १८२९ साली मुंबईस आले. त्यांच्या येथील चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल १८६९ साली मित्रमंडळींनी मोठी रक्कम जमविली. ती विद्यापीठाकडे जाऊन भाषाशास्त्रावरील व्याख्यानांची सोय झाली. विल्सनसाहेब १८७५ साली वारले. त्यांच्या नावाच्या या व्याख्यानमालेत १८७७ साली भांडारकरांनी सात व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि मग मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली आदि भाषा, असा तो सर्व प्रवास त्यांनी पायरीपायरीने दाखविला.

तो प्रवास कसा, हे ज्यांनी शाळा फारशी पाहिली नाही त्यांसही समजण्यासारखे आहे. संस्कृतात हस्त म्हणतात. प्राकृतात त्याचे हत्थ झाले. मराठीत जोडाक्षर सुटले, पण त्याचा भार मागल्या स्वरावर पडला व तो लांबला, म्हणून हात. तसेच कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. हा बदल एका शब्दात झाला असता तर तो अपघात म्हटला असता; पण शेकडो शब्दांत तो एकाच रीतीने होतो, म्हणून तो नियम. आता नांदेडास एखाद्या शीख यात्रेकरूचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. तो हत्थ, कन्न, सत्त, दुद्ध असेच म्हणतो. दोन हजार वर्षांमागील प्राकृताची ती मधली पायरी पंजाबीने मोडलीच नाही. सिंधीत दुहेरी व्यंजन सुटले, पण स्वर लांबला नाही. म्हणून तेथे हथु व कनु.

तेलुगू व कानडी यांची गोष्ट वेगळी. हातास तेलुगूत चेयि, कानडीत कै. कानास तेलुगूत चेवि, कानडीत किवि. अशा शब्दांत जेथे कानडीत क तेथे तेलुगूत च, असा त्या दोघींचा आपसांत मेळ आहे, आणि संस्कृत हस्त-कर्णांशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे त्या दोघी एका घरच्या व मराठी दुसऱ्या घरची; शेजार मात्र जुना, आणि शेजाऱ्यांत शब्दांची देवघेव चालावयाचीच. त्या दक्षिणी घराण्याचे मोठे व्याकरण बिशप रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ सालीच लिहिले होते.

भांडारकरांच्या विवेचनातून निघणारी एक गोष्ट आमच्या गावच्या मंडळींनी आवर्जून ऐकावी. खेडवळाचा शब्द म्हणजे बिघडलेला शब्द, असे पढिक लोक समजत. या शास्त्राने दिसते की तोही नियमानेच घडलेला असतो, आणि कधी कधी पुस्तकी शब्दाहून अधिक जुना असतो. ही व्याख्याने पूर्ण पुस्तकरूपाने १९१४ साली छापली गेली. याच मालेत पुढे १९४१ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे बोलले, ज्यांच्या हाताखाली पुण्याचे डेक्कन कॉलेज भाषाशास्त्राचे मोठे केंद्र बनले.

परदेशी पंडितांनी भांडारकरांची योग्यता ओळखली होती. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांस डॉक्टर ही पदवी दिली, व १८८६ साली ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेस गेले. पण त्यांच्या विद्येची खरी कसोटी घरीच लागली.

१८८९ साली कलकत्त्यास फूलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मरण पावली. त्यानंतर संमतिवयाचा कायदा पुढे आला. मुलीचे वय दहाचे बारा करावे, एवढीच त्यातील मागणी. तरी धर्म बुडाला म्हणून मोठा गलबला झाला. भांडारकरांनी १८९१ साली जुने धर्मग्रंथ पुढे ठेवून त्यांतील वचनांचा अर्थ लावला, आणि या कायद्याने शास्त्रास बाध येत नाही असे दाखविले. बाळ गंगाधर टिळकांनी त्यांस जोराने विरोध केला. वाद दोघा संस्कृतज्ञांचा, पण एका शब्दाच्या अर्थावर हजारो लहान मुलींचे जिवित अवलंबून होते. कायदा त्याच वर्षी झाला. आणि त्याच वर्षी भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. त्याबद्दल जातीचा रोष त्यांनी सोसला. प्रार्थनासमाजात बसून सुधारणेवर बोलणारे त्या काळी पुष्कळ होते; आपल्या उंबऱ्याच्या आत ती आणणारे थोडे.

१८९३ साली ते अध्यापकाच्या कामातून निवृत्त झाले व त्यानंतर दोन वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यास त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उघडली, आणि आपला सर्व ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार करण्याचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पुरे झाले. भांडारकर स्वतः २४ ऑगस्ट १९२५ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन, निवर्तले.

त्यांनी ज्या रीतीने उत्तरेकडील भाषा तपासल्या त्याच आस्थेने आमच्या कोपऱ्यातील भाषांकडे पाहणारा मनुष्य पुढे आमच्याच भागात जन्मला. निलंग्यास १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे सरकारी अधिकारी म्हणून आदिलाबादच्या रानात गेले, तेथील लोकांत राहून त्यांची बोली शिकले, आणि गोंडी व कोलामी या दोन भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. किनवट व माहूरच्या डोंगरांत या दोन्ही भाषा बोलणारी माणसे आहेत, आणि त्या तेलुगू-कानडीच्याच घरच्या आहेत.