व्हाइटहॉलचा घोडेस्वार

लंडन शहरात व्हाइटहॉल नावाचा एक रुंद रस्ता आहे. ब्रिटिश सरकारच्या मोठमोठ्या कचेऱ्या या रस्त्यावर आहेत. रस्त्याच्या मधोमध एका घोडेस्वाराचा पुतळा उभा आहे. स्वाराच्या डोक्यावर टोपी नाही आणि नजर समोर आहे. हा पुतळा फील्ड मार्शल डग्लस हेग यांचा. तो उभारायचे १९२८ साली ठरले, पण तो उभा राहायला १९३७ साल उजाडले. घोडा कसा असावा, यावरूनच कित्येक वर्षे वाद चालला होता. घोड्याचे पाय खऱ्या घोड्यासारखे नाहीत, असे लोक म्हणत. हेग यांच्या पत्नीलाही तो घोडा पसंत नव्हता. शिल्पकाराला पुन्हा पुन्हा नमुने करावे लागले.

घोड्याचा वाद केव्हाच मिटला. स्वाराचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. काही लोक हेग यांना युद्ध जिंकून देणारा सेनापती मानतात. काही लोक म्हणतात, या माणसाने आपलेच हजारो सैनिक मरणाच्या तोंडी दिले. असा वाद का व्हावा, हे समजण्यासाठी त्यांची हकिकत पाहू.

डग्लस हेग यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. अकरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. घराण्याचा दारू गाळण्याचा मोठा धंदा होता, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. ऑक्सफर्डला शिकायला गेले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. मग सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत दाखल झाले आणि १८८५ मध्ये सातव्या हुसार या घोडदळाच्या पलटणीत अधिकारी झाले.

पुढच्याच वर्षी ही पलटण हिंदुस्थानात आली आणि सिकंदराबादच्या छावणीत राहू लागली. तरुण हेग पोलो चांगला खेळत. मात्र बोलण्यात ते कच्चे होते. हुकूम कागदावर नीट लिहीत, पण चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की अडखळत. हा दोष जन्मभर टिकला. पुढे त्यांना फार मोठ्या लोकांना आपली बाजू पटवून द्यावी लागली, तेव्हा हा दोष त्यांना नडला.

१८९३ मध्ये त्यांनी स्टाफ कॉलेजची परीक्षा दिली आणि ते गणितात नापास झाले. डोळ्यांच्या तपासणीत त्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत, असेही आढळले. माझ्या वर्गातल्या मुलांना हा भाग फार आवडतो, विशेषतः गणिताचा. पण हेग यांनी हार मानली नाही. १८९६ मध्ये वरिष्ठांच्या शिफारशीने त्यांना त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. नंतर ते सुदानच्या मोहिमेत गेले, दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढले आणि भराभर वर चढले. १९०३ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले, ते घोडदळाचे मुख्य तपासनीस म्हणून. १९०९ ते १९११ या काळात ते इथल्या सैन्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख होते. युरोपात युद्ध पेटले तर हिंदी फौज तिकडे कशी पाठवायची, याचा विचारही त्यांच्या हाताखाली झाला.

ती वेळ लवकरच आली. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेल या गावाजवळ जी लढाई झाली, तीत मेरठ आणि लाहोरच्या डिव्हिजन हेग यांच्या हाताखाली लढल्या. तीन-चार दिवसांत चार हजारांहून अधिक हिंदी सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. आज त्या गावाजवळ हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर चार हजार सातशेहून जास्त नावे कोरलेली आहेत.

डिसेंबर १९१५ मध्ये हेग पश्चिम आघाडीवरील सर्व ब्रिटिश फौजेचे सरसेनापती झाले. त्या वेळी आघाडीची स्थिती मोठी विचित्र होती. समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत दोन्ही बाजूंनी खंदक खणले होते. खंदकापुढे काटेरी तारांची जाळी होती आणि मागे मशीनगन. कोणीच पुढे सरकू शकत नव्हते. फेब्रुवारी १९१६ मध्ये जर्मनांनी व्हर्दन येथे फ्रेंचांवर जबरदस्त हल्ला चढवला. फ्रेंच सैन्य तिथे झिजू लागले. फ्रेंचांवरचा भार हलका करण्यासाठी इंग्रजांनी लवकर चढाई करावी, असा आग्रह सुरू झाला. हेग यांना ही चढाई दुसऱ्या जागी आणि उशिरा करायची होती. पण दोस्तांचे ऐकणे भाग होते. उत्तर फ्रान्समधील सोम नदीचा परिसर ठरला.

इथे आपण थोडे थांबू, कारण सारा वाद इथूनच सुरू होतो.

सोमवर लढणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हौसेने भरती झालेले तरुण होते. कोणी गिरणीत काम करणारे, कोणी कारकून, कोणी शिक्षक. एका गावचे, एका गल्लीचे मित्र एकाच पलटणीत राहतील, असे सरकारने वचन दिले होते. त्यामुळे मित्रांच्या अशा पलटणी तयार झाल्या होत्या. ही कल्पना भरतीच्या वेळी फार चांगली वाटली होती.

चढाईची आखणी जनरल रॉलिन्सन यांच्याकडे होती. त्यांचे मत असे, की आधी शत्रूचा पुढचा भाग घ्यावा, तिथे पाय रोवावेत आणि मग पुढे जावे. हेग यांना एवढे पुरेसे वाटले नाही. शत्रूची फळी पार फोडावी आणि त्या भगदाडातून घोडदळ सोडावे, असे त्यांच्या मनात होते. म्हणून त्यांनी लक्ष्य आणखी खोलवर नेले. त्याचा परिणाम असा झाला, की होत्या तेवढ्याच तोफा दुप्पट जमिनीवर मारा करू लागल्या. मारा पातळ झाला.

सात दिवस तोफा धडाडत होत्या. पंधरा लाखांहून अधिक गोळे उडवले गेले. तो आवाज समुद्रापलीकडे इंग्लंडमध्येही ऐकू जात होता. एवढ्या माऱ्यातून कोणी वाचणार नाही, असे सर्वांना वाटले. पण कितीतरी गोळे फुटलेच नाहीत. जे फुटले त्यांतले बहुतेक हलके होते, त्यांनी काटेरी तारा तुटल्या नाहीत. जर्मन सैनिक आठ-दहा मीटर खोल तळघरांत बसून होते.

१ जुलै १९१६. सकाळचे साडेसात वाजले. तोफांचा मारा पुढे सरकला, शिट्ट्या वाजल्या आणि सैनिक खंदकातून वर आले. पाठीवर पंचवीस-तीस किलोचे ओझे होते. अनेक ठिकाणी ते ओळीने चालत निघाले. तेवढ्यात जर्मन तळघरांतून बाहेर आले आणि त्यांनी मशीनगन सुरू केल्या.

त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे ५७,४७० लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी १९,२४० मेले. अॅक्रिंग्टन गावच्या पलटणीचे सुमारे सातशे लोक पुढे गेले, त्यांतले ५८४ अर्ध्या तासात पडले. न्यूफाउंडलंड बेटाच्या पलटणीतून सुमारे आठशे निघाले होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा ६८ जणांनी हाक दिली. मित्रांच्या पलटणींमुळे आता एकेका गल्लीत घरोघर रडारड सुरू झाली. दक्षिणेकडे मामेत्स आणि मोंतोबां ही गावे मात्र हाती आली. त्या दिवशी यश आले ते एवढेच.

हेग यांना या संहाराची बातमी पूर्ण कळलीच नव्हती. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या आणि निरोप घेऊन निघालेले सैनिक वाटेतच पडत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजनिशीत नोंद केली, की सुमारे चाळीस हजारांचे नुकसान झाले असावे आणि लढाईचा विस्तार पाहता ते फार मोठे नाही. ही रोजनिशी पुढे छापली गेली, तेव्हा या नोंदीने फार लोक दुखावले. मलाही ती नोंद वाचताना वाईट वाटते.

लढाई थांबली नाही. १४ जुलै रोजी डेक्कन हॉर्स ही हिंदी घोडदळाची पलटण हाय वूड नावाच्या रानाजवळ भाले घेऊन धावून गेली. तिच्यात शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान होते. ही पलटण पूर्वीच्या हैदराबाद कंटिंजंटमधून आलेली. या कंटिंजंटच्या छावण्या आपल्या मराठवाड्यातही होत्या, हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. ज्या सिकंदराबादेत हेग यांनी तरुणपण घालवले, त्याच सिकंदराबादच्या नावाच्या ब्रिगेडमध्ये हे स्वार होते. काही शत्रू त्यांनी भाल्याने टिपले, पण ते रान काही त्या दिवशी हाती आले नाही. ते घ्यायला आणखी दोन महिने लागले. १५ सप्टेंबरला जगात प्रथमच रणगाडे लढाईत उतरले, तेही सोमवरच. हेग जुन्या वळणाचे होते म्हणतात, पण ही नवी यंत्रे त्यांनीच आग्रहाने मागवली होती, हेही सांगितले पाहिजे.

१८ नोव्हेंबरला लढाई थांबली. १४१ दिवसांत इंग्रज आणि फ्रेंच जास्तीत जास्त दहा किलोमीटर पुढे गेले होते. ब्रिटिश साम्राज्याचे चार लाखांवर, फ्रेंचांचे दोन लाखांच्या आसपास लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. जर्मनांचे किती, याबद्दल इतिहासकारांत अजून भांडण आहे. कोणी सव्वाचार लाख म्हणतात, तर कोणी सहा लाखांपर्यंत जातात. हे भांडण केवळ आकड्यांचे नाही. जर्मनांचे नुकसान अधिक झाले असेल तर हेग यांची बाजू बळकट होते, कमी असेल तर ती ढासळते.

१९१७ मध्ये बेल्जियमच्या चिखलात पाशेन्डेल येथे पुन्हा तसेच झाले. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी उलट हल्ला केला. ब्रिटिश फळी मोडते की काय, अशी वेळ आली. ती मोडली नाही. ८ ऑगस्ट १९१८ पासून हेग यांच्या फौजेने शंभर दिवस सतत विजय मिळवले. आता तोफा, रणगाडे, विमाने आणि पायदळ एकत्र काम करत होते. ११ नोव्हेंबरला युद्ध संपले.

सरकारने त्यांना मोठा किताब देऊ केला. माझ्या जखमी सैनिकांना आधी निवृत्तिवेतनाची सोय करा, अशी हेग यांनी अट घातली. १९१९ मध्ये त्यांना अर्लचा किताब आणि एक लाख पौंड मिळाले. उरलेले आयुष्य त्यांनी माजी सैनिकांच्या कामात घालवले. १९२१ पासून दर नोव्हेंबरात तांबडी कागदी फुले विकून सैनिकांसाठी पैसा गोळा होऊ लागला. ही खसखशीच्या जातीची रानफुले सोमच्या उकरलेल्या जमिनीवर उगवत. उर्दू शायरीत लाला नावाचे तांबडे फूल येते, काही जण त्याला हेच फूल समजतात. या कागदी फुलाच्या मध्यभागी हेग फंड असे छापलेले असे.

२९ जानेवारी १९२८ रोजी हेग वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला मोठी गर्दी लोटली होती. त्यात जखमी झालेले जुने सैनिक पुष्कळ होते. त्यांना ड्रायबरो येथे पुरले. कबरीवर साध्या सैनिकाच्या कबरीवर असतो तसाच दगड आहे.

आणि मग हवा बदलली. युद्धकाळातील पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९३० नंतर आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांत हेग यांच्यावर कडक टीका केली. गंमत अशी, की पंतप्रधान असताना त्यांनी हेग यांना काढले नव्हते, आणि टीका छापली तेव्हा उत्तर द्यायला हेग जिवंत नव्हते. १९६० नंतर पुस्तके, नाटके आणि चित्रपट आले. सेनापती मागे वाड्यात राहतात आणि सैनिक पुढे मरतात, असे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले. काही इतिहासकारांनी उलट बाजू मांडली. ते म्हणाले, त्या काळात दुसरा मार्ग कोणाकडेच नव्हता, फौज सोमवर लढाई शिकली आणि म्हणून १९१८ मध्ये जिंकली. १९९४ मध्ये कागदी फुलावरचे हेग यांचे नाव काढले गेले. १९९८ मध्ये एका वर्तमानपत्राने तो पुतळाच हलवा अशी मागणी केली. पुतळा हलला नाही.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मार्ग सोपा नव्हता हे खरे. पण पहिल्या दिवसाची आखणी बदलली ती हेग यांनीच, हेही खरे.

न्यूफाउंडलंडमध्ये १ जुलै हा अजूनही शोकाचा दिवस आहे. उरलेल्या कॅनडात तोच दिवस राष्ट्रीय सणाचा असतो. २०१६ मध्ये लढाईला शंभर वर्षे झाली, तेव्हा रॉब हर्ड नावाच्या एका इंग्रज कलावंताने १९,२४० लहान बाहुल्या केल्या. एकेका बाहुलीला त्याने हाताने कफन शिवले आणि त्या एक्सेटर शहरातील एका बागेत ओळीने मांडल्या. लोक त्या ओळींच्या कडेने चालत होते. ओळी संपत नव्हत्या.

सोमच्या रणभूमीवर थिपवाल येथे एक उंच कमान आहे. ज्यांचे देह सापडले नाहीत, अशा बहात्तर हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर आहेत. शेतकरी शेत नांगरतात तेव्हा अजूनही कधी कधी हाडे वर येतात. कपड्याच्या बटणावरून किंवा बिल्ल्यावरून त्या सैनिकाची ओळख पटली, तर त्याला रीतसर पुरतात, त्याच्या कबरीवर नाव घालतात आणि कमानीवरचे नाव काढून टाकतात.