अनाथांचे पालक जॉर्ज म्यूलर

अनाथ मुलांस जेवू घालणे हे पुण्यकर्म आहे असे सर्वच म्हणतात; परंतु जेवू घातलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याची विचारपूस करणारे थोडे. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी साठ वर्षांहून अधिक काळ अनाथांची सेवा केलेले जॉर्ज म्यूलर हे त्या थोड्यांपैकी होते. त्यांच्या प्रार्थनांच्या गोष्टी आपल्या मंडळ्यांत उपदेशाच्या वेळी वारंवार ऐकू येतात. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही; म्हणून प्रस्तुत लेखात त्यांजकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचा हेतू आहे.

म्यूलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशिया देशातील क्रोपेनस्टेट या गावी झाला. वडील सरकारी कर वसूल करणारे अंमलदार होते. लहानपणापासून मुलांच्या हाती पैसे द्यावे म्हणजे ती काटकसर शिकतील, असा त्यांचा समज होता. पण जॉर्ज शिकला तो खोटा हिशेब दाखविण्यास. वडिलांपाशी ठेवलेल्या सरकारी रकमेतून तो चोरी करी. १८२० साली आई मृत्युशय्येवर असता हा चौदा वर्षांचा मुलगा मध्यरात्र उलटेपर्यंत पत्ते खेळत बसला होता. पुढच्या वर्षी डिसेंबर महिन्यात उताऱ्याच्या घराचे पैसे बुडविल्यामुळे त्याला तुरुंगात जावे लागले, व वडिलांनी रक्कम भरली तेव्हाच त्याची सुटका झाली. हाल्ले येथील विद्यापीठात तो धर्मशास्त्राचे अध्ययन करू लागला, तरी आचरण पूर्वीचेच होते. १८२५ च्या नोव्हेंबरात एका व्यापाऱ्याच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेस तो एका मित्रासोबत गेला आणि तेथे त्याचे मन पालटले. अशा माणसाच्या हाती देवाने पुढे सुमारे पंधरा लक्ष पौंड सोपविले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हाल्ले येथे ऑगस्ट हर्मान फ्रांके या पाळकांनी १६९५ साली दानपेटीत सापडलेल्या अगदी थोड्या पैशांवर गरीब मुलांची शाळा काढली होती, व तिच्यातून मोठे अनाथगृह उभे राहिले होते. १७०६ साली तरंगमबाडीस उतरलेले त्सीगेनबाल्ग हे याच हाल्लेच्या परंपरेतले. विद्यार्थिदशेत म्यूलर काही काळ फ्रांके यांच्या संस्थेत गरीब विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागेत राहिले होते. म्हणजे दुसऱ्यांच्या दानाचा आसरा त्यांनी स्वतः घेतला होता.

१८२९ साली ते इंग्लंडात आले. दुसऱ्या वर्षी टेनमथ येथील लहान मंडळीचे पाळक झाले व मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी पाळकाचा पगार उपासनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून निघे. श्रीमंतांनी पुढे बसावे व गरिबांनी मागे, हे म्यूलर यांस पटेना. त्यांनी पगारच सोडला व दारापाशी एक पेटी ठेवली. १८३२ पासून ते ब्रिस्टलात राहू लागले.

इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. निराधार मुलांना सरकारी अन्नगृहाच्या कडक शिस्तीत दिवस काढावे लागत. जी थोडी खाजगी अनाथगृहे होती, त्यांतील पुष्कळांत प्रवेश मिळे तो वर्गणीदारांच्या मतांनी. विधवा आजीने किंवा एखाद्या मावशीने दारोदार फिरून वर्गणीदारांची मनधरणी करावी. ज्याचा वशिला मोठा त्याच्या मुलाला जागा. म्यूलर यांनी ही रीत पूर्णपणे टाकली. त्यांच्या गृहात अर्ज ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने मुले घेतली जात; मत नाही व वशिला नाही. मात्र आईबाप दोघेही वारलेले असावे आणि ते विवाहित असावे, असा नियम होता. यांतली दुसरी अट आज आपणांस कठोर वाटते, आणि ती वाटावीच. बापाच्या पापाचा दंड लेकराने का भरावा?

११ एप्रिल १८३६ रोजी विल्सन रस्त्यावरील भाड्याच्या घरात पहिले अनाथगृह सुरू झाले. त्यापूर्वी एक मौज घडली. अर्ज घेण्याचा दिवस ठरला, म्यूलर वाट पाहत बसले, पण एकही मूल आले नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की आपण घर मागितले, पैसे मागितले, काम करणारी माणसे मागितली. मुले द्यावी अशी प्रार्थना करावयाचे राहून गेले! ती प्रार्थना त्यांनी केली, आणि लवकरच जागेपेक्षा अर्जच अधिक झाले.

आता वह्यांकडे वळू. एक पेनीचे दानही त्यांत टिपलेले असे. आरंभीच्या दात्यांत शिवणकाम करून पोट भरणारी एक अशक्त, आजारी बाई होती. तिला आजीकडून ४८० पौंडांचा वारसा मिळाला. वडील कर्ज ठेवून वारले होते. तिने त्यातील राहिलेली रक्कम फेडली, आईला १०० पौंड दिले, आणि १०० पौंड अनाथगृहासाठी आणले. म्यूलर यांनी ते लगेच घेतले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवून तिच्या परिस्थितीची चौकशी केली, भावनेच्या भरात देऊन मागाहून पस्तावशील काय असे विचारले, आणि तिचा निश्चय पक्का आहे अशी खात्री झाल्यावरच रक्कम स्वीकारली. गरिबाचे दान घेताना दात्याचीही काळजी वाहिली पाहिजे, ही गोष्ट स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या आपल्या भगिनींकडून वर्गणी घेणाऱ्या पंचांनी विसरू नये.

म्यूलर कोणा माणसाजवळ पैसे मागत नसत व कर्ज काढीत नसत. १८३८ पासून काही वर्षे मोठ्या टंचाईची गेली. रोख पैसा नसेल तर वस्तू घ्यावयाची नाही, हा नियम तेव्हाही मोडला नाही. गृहातील शिक्षक व सेविका आपल्या जवळचे पैसे घालीत, नको असलेल्या वस्तू विकीत, आणि मुलांचे जेवण मात्र चुकत नसे. वार्षिक अहवाल छापणे हेही एक प्रकारचे मागणेच नव्हे काय, असा आक्षेप काहींनी घेतला आहे, व तो अगदीच पोकळ नाही. परंतु १८४१ च्या अखेरीस पैशांची अतिशय अडचण असता त्यांनी अहवालाचे प्रकाशन व सभा मुद्दाम पुढे ढकलल्या, हेही आक्षेप घेणाऱ्यांनी पाहावे.

विल्सन रस्त्यावरील मुलांच्या गलबल्याचा शेजाऱ्यांस त्रास होतो, असे एका गृहस्थाने १८४५ साली सौम्य शब्दांत लिहून कळविले. म्यूलर यांनी तक्रार रास्त मानली व शहराबाहेर अ‍ॅशली डाउन या टेकडीवर जमीन घेतली. १८४९ साली तेथे ३०० मुलांचे घर उघडले. १८७० पर्यंत पाच घरे झाली व एकूण २,०५० मुलांची सोय झाली.

तेथून मुले निघत ती कशी? मुलगे साधारण चौदा वर्षांचे झाले म्हणजे त्यांस एखाद्या कारागिराच्या हाताखाली धंदा शिकण्यास ठेवीत, व त्याबद्दलची फी संस्था भरी. मुली सतराव्या वर्षाच्या सुमारास, घरकाम व शिवणटिपण चांगले अवगत झाल्यावर, नोकरीस जात. प्रत्येकाबरोबर कपड्यांचा पुरता संच व पवित्र शास्त्र असे. वाचन, लेखन व गणित इतके नीट शिकवीत, की गरिबांच्या मुलांना त्यांच्या पायरीपेक्षा वर चढविले जाते, अशी टीका झाली. कारखान्यांस व खाणींस स्वस्त मजूर कसे मिळणार, ही टीकाकारांची खरी चिंता होती. म्यूलर यांनी अभ्यासक्रम कमी केला नाही.

१८७५ पासून वृद्धपणी त्यांनी दूरदूरच्या देशांत उपदेशासाठी प्रवास केला. १८९० च्या आरंभी ते जबलपुरास असता, अनाथगृहाच्या कामाला जन्मभर वाहिलेली त्यांची एकुलती एक हयात कन्या लिडिया ब्रिस्टलात वारल्याची तार आली.

त्यानंतर सहासात वर्षांनी त्याच मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. म्यूलर यांचे चरित्र वाचून, हिंदुस्थानातही असे विश्वासाने काम चालणार नाही काय, असा विचार पंडिता रमाबाई यांच्या मनात घोळत होता. १८९६-९७ मध्ये त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व तरुण विधवा यांस घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. तेथे त्या मुली शेती, विणकाम व छापखान्याचे काम शिकल्या.

म्यूलर १० मार्च १८९८ रोजी पहाटे आपल्या खोलीत निवर्तले; आदल्या रात्री त्यांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनासभा चालविली होती. तोपर्यंत दहा हजारांहून अधिक अनाथ त्यांच्या घरांत वाढले होते. स्वतःच्या खर्चासाठी म्हणून मिळालेल्या पैशांतून त्यांनी ८१,००० पौंडांवर रक्कम दान केली होती. मरणोत्तर सामानसुमान धरून त्यांची सारी मालमत्ता मोजली, ती सुमारे १७० पौंड भरली.