यशवंतराव चव्हाण आणि नाशिकची पोटनिवडणूक (१९६३)

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री व केंद्रातील संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र खात्यांचे मंत्री होते. त्यांचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर आई विठाबाईंनी त्यांना वाढवले. शालेय शिक्षण कराडला झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला व १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. हैदराबाद राज्यातील मराठवाडा याच वेळी मुंबई राज्यात आला. त्यांच्या कारकिर्दीत २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे पश्चिम महाराष्ट्रात त्यांच्याविरुद्ध तीव्र रोष होता. १९५७ च्या निवडणुकीत खुद्द कराडमध्ये ते जेमतेम निवडून आले. काँग्रेसची सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर.

नाशिकची पोटनिवडणूक

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर व्ही. के. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्या जागी चव्हाणांना बोलावले. त्या वेळी चव्हाण राज्याच्या विधानसभेचे सदस्य होते, आणि संसदेचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्यत्व मिळवणे राज्यघटनेने बंधनकारक केले आहे. लोकसभेत ते आले १९६३ मध्ये, नाशिकच्या पोटनिवडणुकीतून.

नाशिक हा काँग्रेसचा परंपरेने सुरक्षित मतदारसंघ होता, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. १९५७ मध्ये तेथून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले होते. १९६२ मध्ये गोविंद हरी देशपांडे यांनी ती जागा काँग्रेसकडे परत आणली. पोटनिवडणुकीत मात्र चव्हाणांसमोर कोणीच उभे राहिले नाही व ते बिनविरोध निवडून आले. रिंगणात एकच उमेदवार उरल्यास मतदान होत नाही. त्यामुळे मतदारांचा कौल दाखवणारा आकडाही या निवडणुकीने मागे ठेवला नाही.

या निवडीचे वेगळेपण त्याच वर्षीच्या इतर निकालांमुळे जाणवते. अमरोहा येथे आचार्य कृपलानी, फर्रुखाबादेत राम मनोहर लोहिया व राजकोटला मिनू मसानी यांनी पोटनिवडणुकांत काँग्रेसचा पराभव केला. युद्धातील अपयशाचा राग तेथे मतपेटीतून व्यक्त झाला. नाशिकमध्ये त्याच युद्धानंतर सैन्याची घडी बसवण्यासाठी गेलेल्या मराठी मंत्र्याला विरोध झाला नाही, आणि हा मंत्री सहा वर्षांपूर्वी आपल्याच गावी हरता हरता वाचलेला होता.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धाच्या वेळी चव्हाण संरक्षणमंत्रीच होते. १९६७ पासून ते सातारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जात राहिले. १९७९ मध्ये ते काही महिने उपपंतप्रधान होते. दिल्लीत त्यांचे निधन झाले.