हॅरी पॉटरच्या कितीतरी आधी जादूगाराच्या चेल्याची गोष्ट लिहिणारा लेखक मुंबईत जन्मला होता

साधा दिसणारा पोरगा. आईबाप कोण, माहीत नाही. मग एक म्हातारा जादूगार भेटतो आणि पुढे कळतं, की हा पोरगा साधा नाहीच.

हॅरी पॉटर आठवला ना? पण ही गोष्ट १९३८ सालची आहे. पुस्तक ‘द स्वोर्ड इन द स्टोन’, लेखक टी. एच. व्हाईट.

व्हाईट यांचा जन्म २९ मे १९०६ चा, आपल्या मुंबईतला. वडील ब्रिटिशांच्या पोलीस खात्यात अधिकारी, पण दारूच्या आहारी गेलेले. आईकडूनही माया मिळाली नाही. व्हाईट १४ वर्षांचे असताना आईवडील वेगळे झाले.

पुढे त्यांनी केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकून १९२८ ला पहिला वर्ग मिळवला. मग इंग्लंडमधल्या स्टो शाळेत मास्तर झाले. १९३६ ला मात्र नोकरी सोडली आणि जवळच एका साध्या कॉटेजमध्ये राहू लागले. तिथं ते शिकारी पक्षी पाळून त्याला शिकवायचे आणि लिहायचे.

तिथूनच आला वार्ट, म्हणजे लहानपणीचा राजा आर्थर. जादूगार मर्लिन त्याला कधी मासा बनवतो, कधी पक्षी. कशासाठी? तर त्या जीवाच्या नजरेतून जग कळावं म्हणून. शेवटी भल्याभल्यांना न हललेली दगडातली तलवार हाच पोरगा उपसतो आणि राजा होतो.

लहानपणी व्हाईटना जो जीव लावणारा मोठा माणूस मिळाला नाही, तो त्यांनी वार्टला दिला, असं वाचताना वाटत राहतं.

दुसरं महायुद्ध आलं आणि गोष्टीचा रंग बदलला. हातात ताकद आलीच, तर ती वापरायची कशी? आर्थर याच प्रश्नाशी झगडू लागला. १९५८ ला चार भाग एकत्र आले, ‘द वन्स अँड फ्युचर किंग’ या नावानं. त्यावरून १९६० ला ‘कॅमलॉट’ हे संगीत नाटक आलं. पहिल्या भागावर १९६३ ला डिस्नेनं ॲनिमेशनपट काढला.

अमेरिकेतला व्याख्यानांचा दौरा करून परतताना, १७ जानेवारी १९६४ ला, ग्रीसच्या पिरियस बंदरात जहाजावरच व्हाईट गेले. वय ५७. त्यांना अथेन्समध्ये दफन केलं.

पुढे जे. के. रोलिंग यांनीही वार्टला हॅरीचा पूर्वज मानलं. जादू सापडणं सोपं, ती पेलणं अवघड, हे त्या पूर्वजानं आधीच शिकून ठेवलं होतं.