फाटका सूर

आमच्या डाळजला जत्रेत कर्ण्याचा आवाज फाटला, की म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतात आणि मशीनवाल्याला हाका सुरू होतात. फाटका आवाज म्हणजे बिघाड, एवढेच मला ठाऊक होते. पुढे जिमी हेन्ड्रिक्सची गिटार ऐकली आणि हा समज मोडला.

हेन्ड्रिक्सचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरी, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईबापांची फारकत झाली. १९५८ साली आई वारली. अडगळीत सापडलेल्या एकाच तारेच्या वाद्यावर या पोराने सूर शोधले. मग पाच डॉलरची जुनी गिटार मिळाली. तो डावखुरा, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवी. १९६१ साली तो सैन्यात गेला, पुढच्याच वर्षी बाहेर पडला. नंतर चार वर्षे लिटल रिचर्डसारख्या गायकांच्या मागे उभा राहून त्याने साथ केली. सप्टेंबर १९६६ मध्ये चॅस चॅन्डलरने त्याला लंडनला नेले, आणि दैव फिरले.

त्याच वर्षी तिथे 'फझ फेस' नावाची गोल डबी बाजारात आली. ती पायाने दाबायची. आत दोनच ट्रान्झिस्टर. ते गिटारचा क्षीण विद्युत्प्रवाह इतका वाढवतात, की लहरींचे माथे छाटले जातात. त्यातून नवे उपस्वर उमटतात आणि सूर झणझणतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या जवारीत सूत सरकवून उपस्वर फुलवतात. हेतू काहीसा तसाच, रीत मात्र आडदांड. या आवाजाचे मूळही बिघाडातच आहे. नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात यंत्र बिघडले, सूर फाटला आणि तो तसाच ठेवला गेला. पुढे तोच आवाज काढणाऱ्या डब्या निघाल्या.

हेन्ड्रिक्सने या डबीला बोलते केले. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक महोत्सवात त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या फाटक्या सुरांत अनेकांना बॉम्बगोळे ऐकू आले. स्वच्छ सुरांत ते सांगता आले असते का, असा प्रश्न मला पडतो.

तेरा महिन्यांनी, १८ सप्टेंबर १९७० रोजी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने तो लंडनमध्ये गेला. वय अवघे सत्तावीस. त्या मरणाचे कौतुक करण्यासारखे काहीही नाही.

मित्रहो, एका वक्तृत्व स्पर्धेत माझ्या 'न' आणि 'ण' वर सभागृह हसले होते. त्यानंतर कित्येक दिवस मी चारचौघांत बोललो नाही. हेन्ड्रिक्स ऐकल्यावर धीर आला, तसा धडाही मिळाला. सूर फाडण्याआधी त्याने इतरांच्या मागे उभे राहून साधा सूर वर्षानुवर्षे घोटला होता. जत्रेतला कर्णा आपोआप फाटतो. त्याने मात्र सूर जाणून फाडला. गावची बोली मी टाकणार नाही. पण आधी बोलायला नीट शिकेन.