थॉमस जेम्स वाइज

थॉमस जेम्स वाइज (जन्म : ७ ऑक्टोबर, १८५९, मृत्यू : १३ मे, १९३७) हे इंग्लंडमधील ग्रंथसंग्राहक व ग्रंथसूचीकार होते. इंग्रजी साहित्यिकांच्या पहिल्या आवृत्त्यांचा त्यांचा संग्रह ‘ॲशली लायब्ररी’ या नावाने प्रसिद्ध आहे. या विषयातील अधिकारी व्यक्ती म्हणून त्यांना मान्यता होती; मात्र अनेक दुर्मीळ ‘पहिल्या आवृत्त्या’ त्यांनी स्वतःच बनावट छापल्या होत्या, हे त्यांच्या उतारवयात उघडकीस आले.

जीवन

वाइज यांचा जन्म ग्रेव्हसेंड येथे झाला. सुगंधी तेलांचा व्यापार करणाऱ्या लंडनमधील एका पेढीत ते कारकून म्हणून नोकरीस लागले. तुटपुंज्या पगारातून त्यांनी जुनी पुस्तके जमवण्यास सुरुवात केली. ब्राउनिंग व शेली या कवींच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थांसाठी त्यांनी जुन्या पुस्तकांच्या प्रतिकृती छापून घेतल्या. पुढे ते बिब्लिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एम.ए. पदवी दिली.

बनावट आवृत्त्या

वाइज यांनी अस्तित्वात असलेल्या पुस्तकाची नक्कल केली नाही. प्रसिद्ध कवीची एखादी रचना निवडून तिची छोटी पुस्तिका ते छापून घेत आणि तिच्यावर खऱ्या पहिल्या आवृत्तीच्या आधीचे साल घालत. मूळ प्रतच नसल्याने तुलनेचा प्रश्न येत नसे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांची ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्च्युगीज’ ही सुनीतमाला १८५० साली प्रथम प्रकाशित झाली. वाइज यांच्या पुस्तिकेवर १८४७ हे साल होते. अशा पुस्तिकांची नोंद ते स्वतःच्याच ग्रंथसूचींत अस्सल म्हणून करत व प्रती संग्राहकांना विकत. या कामी हॅरी बक्स्टन फोरमन हे ग्रंथसंपादक त्यांचे साथीदार होते.

रहस्यभेद

जॉन कार्टर व ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी १९३४ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. १८४७ च्या म्हणवल्या जाणाऱ्या पुस्तिकेच्या कागदात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा आढळला. इंग्लंडमध्ये असा कागद १८७४ पूर्वी होत नव्हता. छपाईतील काही अक्षरांचे खिळेही १८८० नंतरचे होते. आणखी एक पुरावा प्रतींच्या कोरेपणाचा होता. लेखक नव्या पुस्तकाच्या प्रती आप्तमित्रांना स्वाक्षरी करून देतात. अशा प्रतींना संग्राहकांत मोठी किंमत येते. या पुस्तिकांच्या एकाही प्रतीवर कवीची त्या काळातील स्वाक्षरी वा अर्पणाचा मजकूर नव्हता. संशोधकांनी वाइज यांच्यावर थेट आरोप केला नाही; तरी रोख स्पष्ट होता. पुस्तिका आपल्याला फोरमन यांच्याकडून मिळाल्या, असे वाइज यांनी सांगितले. फोरमन १९१७ सालीच निवर्तले होते.

मृत्यूनंतर

वाइज यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने ॲशली लायब्ररी विकत घेतली. पुढे डेव्हिड फॉक्सन या ग्रंथपालांनी दाखवून दिले, की वाइज यांनी म्युझियममधील जुन्या नाटकांच्या प्रतींतून दोनशेहून अधिक पाने चोरली होती. त्यांतील काही पाने जोडून त्यांनी आपल्या अपूर्ण प्रती पूर्ण केल्या होत्या. म्हणजे म्युझियमने स्वतःचीच पाने पैसे मोजून परत घेतली होती. वाइज यांच्या ग्रंथसूची आजही वापरल्या जातात. मात्र त्यांतील नोंदी पडताळून घ्याव्या लागतात. त्यांच्या बनावट पुस्तिका आता बनावट म्हणूनच संग्राह्य ठरल्या आहेत.